सुमंगलेचं रेशमी सोवळं

देवासात गल्लीतलं कुणाचं पोर रडून रडून निळं झालं, जेवेना, बोलेना, की बायका सगुणाबाईंच्या दाराशी यायच्या. सगुणाबाई काही वैद्यीण नव्हत्या. नवरा चिंतामणराव थोरल्या पातीच्या दरबारात कारकून, त्या आपल्या देवपूजेत आणि चुलीत. पण पोराचं मन त्यांना कळायचं, आणि ते कळायला लागलं त्यांच्याच लेकीपासून, सुमंगलेपासून.

घरात सोवळं कडक. विधवा नणंद अक्का आंघोळीपासून जेवणापर्यंत कुणाला अंगाला हात लावू देत नसत. सगुणाबाई अमझेऱ्याहून बाराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, तेव्हा म्हणाल्या होत्या, "तुम्ही शिकवाल तसं करीन अक्का, पण का करायचं तेही सांगा." अक्का म्हणाल्या, "जिभेला हाड नाही हिच्या!" तरी शिकवलं सगळं, आणि सगुणाबाईंनी ते मनापासून पाळलं.

त्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी सगुणाबाई सोवळ्यात पुरण वाटत होत्या. पाच वर्षांची सुमंगला अंगणातून झेंडूचं फूल घेऊन धावत आली आणि मागून आईच्या गळ्यातच पडली.

"शिवली मेली!" अक्का ओरडल्या. "बाटवलंस गं सगळं देवाचं!"

पुरण गाईला गेलं. पुन्हा आंघोळ, पुन्हा डाळ शिजवणं. दिवेलागणीला नैवेद्य झाला. पोरीला कुणी मारलं नाही. आई फक्त म्हणाली, "हो लांब."

दुसऱ्या दिवसापासून सुमंगला हात पाठीमागे बांधून फिरू लागली. अक्का खूष. "बघ, कसं वळण लागलं!" सगुणाबाईंनाही आधी बरंच वाटलं. पण दूधवाली वासरू घेऊन आली, तर ज्या वासराला पोर रोज मिठी मारायची, त्याच्याकडे ती लांबूनच बघत राहिली.

"छोरी के कंई हुयो, बाई सा?" पोरीला काय झालं, म्हणून दूधवालीनं विचारलं.

त्या रात्री पोर भिंतीला चिकटून निजली. सगुणाबाई म्हणाल्या, "ये गं जवळ. आता काही मी सोवळ्यात नाही."

"नको. मी बाटवते."

सगुणाबाई उठून बसल्या. पोरीला सोवळं कळलंच नव्हतं. आपण स्वतःच घाण आहोत, एवढं कळलं होतं.

अक्कांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मोठी झाली की समजेल."

"आत्ताच समजलंय तिला, अक्का. उलटं समजलंय. हे असंच घट्ट बसलं, तर सासरीसुद्धा ती हात बांधून कोपऱ्यात उभी राहील. स्वतःच्या लेकरालाही जवळ घेणार नाही."

मग त्यांनी पोरीला समजावून पाहिलं, गोष्टी सांगितल्या, गूळ दिला. काही उपयोग झाला नाही. पुरण गाईला गेलेलं पोरीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्यापुढे आईच्या शब्दाला काय किंमत? म्हणजे तिला आता दुसरं काही डोळ्यांनी दिसायला हवं, हे सगुणाबाईंनी ओळखलं.

घटस्थापनेच्या आदल्या दुपारी त्यांनी आपलं सोवळ्याचं रेशमी लुगडं काढलं आणि पदराकडून हातभर कापलं.

"अगं, अगं! माहेरचं ना ते?" अक्कांनी कपाळाला हात लावला. "पोरीच्या लाडापायी सोवळं फाडलंस?"

"लाड कसले? देवीच्या पूजेला आणखी दोन हात आणतेय. रेशमाला विटाळ नाही, हे तुम्हीच शिकवलंत. सुईनं शिवलेलं चालत नाही, म्हणून नुसती गाठ मारून नेसवीन."

सकाळी न्हाऊ घालून त्यांनी सुमंगलेला ते रेशीम नेसवलं आणि घटापाशी नेलं. फुलांची परडी पुढे ठेवली. पोरीचे हात मागेच. सगुणाबाईंनी आधी तिच्या गालावरून हात फिरवला, आणि तोच हात न धुता देवीच्या टाकाला लावला.

सुमंगला घाबरून अक्कांकडे बघू लागली. आता आरडाओरडा होणार!

"अक्का," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "तिला तुमच्याकडून ऐकायचंय. बाटलं का?"

पदर कापल्याचा राग अक्कांच्या नाकावर अजून होता. पण देवापुढे खोटं बोलणारी ती बाई नव्हती.

"रेशीम आहे," त्या पुटपुटल्या. "नाही बाटत."

"मोठ्यानं सांगा."

"नाही बाटलं, म्हटलं ना! काही बाटलेलं नाही. वाह गं फूल, मुहूर्त चाललाय!"

एक हात पुढे आला. मग दुसरा. पोरीनं घटावर फूल वाहिलं आणि आईच्या कुशीत असं डोकं खुपसलं, की सगुणाबाईंच्या हातातली पळी खाली पडली. त्यांनी ती उचललीच नाही. दोन्ही हातांनी लेकीला धरून ठेवलं.

थोड्या वेळानं सुमंगला उठली, आणि नैवेद्य करायला चुलीपाशी बसलेल्या अक्कांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"अक्काआत्या, तुम्हाला शिवू?"

अक्कांनी चुलीतलं लाकूड उगाचच मागेपुढे केलं. मग मान न वळवता म्हणाल्या, "शिवायचंच असेल, तर आधी पाठ खाजव. डाव्या अंगाला. जरा जोरात."