लिनक्स काढलं आणि विंडोजही बसलं

मंडळी, आज सकाळी जागा पुरेना म्हणून कॉम्प्युटरमधून विंडोजच्या जोडीला टाकलेलं लिनक्स काढून टाकलं, तर विंडोजही सुरू होईना. काळ्या पडद्यावर 'एल आय' ही दोनच अक्षरं!

आत आमच्या शाळेतल्या भीमबाईंनी सांगितलेले, मी टाइप करून ठेवलेले गोंडी भाषेतले शब्द होते. पुन्हा विचारायला त्या आता नाहीत.

मशीन उचलून आदिलाबादला नेलं. कॉम्प्युटरवाला दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट करना पड़ेगा, मॅडम."

"और अंदर का सब?"

"वो तो जाएगा."

डोकंच फिरलं! मशीन परत आणलं, हैदराबादला कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या बहिणीला फोन लावला.

"ताई, काऊन घाबरून राह्यली? विंडोजले सुरू करून देणारा लिनक्सचाच होता, तो अर्धा गेला, बाकी सगळं आत तसंच आहे. विंडोज सुरू करायची फ्लॉपी लाव अन् एफडिस्क स्लॅश एमबीआर टाइप कर."

एका ओळीत मशीन सुरू झालं. शब्द जागच्या जागी! आता आधी फ्लॉपीवर उतरवून राह्यले.

आत कुणाचं काय आहे, हे न विचारताच फॉरमॅट करा कसं म्हणतात हो?