किल्लीमावशीने प्रार्थना संपवली

…तर आत प्रार्थना काही केल्या संपेना, बाहेरून चष्मेवाला दार ठोठावतोय, आणि दाराच्या आतल्या बाजूला किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून बसलेली किल्लीमावशी. काल गोष्ट इथेच अडली होती. पण काल जे लवकर उठून गेले त्यांना मावशी कोण ते ठाऊक नाही, म्हणून जरा मागे जाऊ. चष्मेवाला थोडा वेळ बाहेर थांबला तर काही बिघडत नाही. तो काही नशिबाला दोष देणारा माणूस नव्हता.

मावशी म्हणजे गावच्या सार्वजनिक हॉलची राखणदारीण. आधी नवरा तिथे पहारेकरी होता. तो गेला आणि किल्ल्या हिच्या कमरेला आल्या. हॉलमागच्या दोन खोल्या कामाबरोबरच मिळालेल्या. एकीत चूल आणि मावशी, दुसरीत खाटेला खिळलेले सासरे. झाडणं, पुसणं, दिवे, नळ, सगळं तिच्याकडे. नाकावर माशी बसू द्यायची नाही, पण दमलेला हमाल हॉलच्या पायरीवर झोपला तर त्याच्याभोवतीनं झाडू फिरवायची. श्रद्धा म्हणाल तर दिवा लावतानाही देवाशी बोलायची आणि फ्यूज उडाला तरी त्याच्याशीच बोलायची. दुसऱ्या वेळचे शब्द तेवढे निराळे.

दर आठवड्याला हॉलमध्ये प्रार्थना मंडळ बसायचं. मंडळाची एक जुनी रीत होती. समाप्तीचं वचन पुढे बसलेल्या म्होरक्याने म्हणायचं नाही. दाराजवळ, सगळ्यांत मागे जो बसला असेल त्याने म्हणायचं. म्होरक्याला रंग चढला की घराघरांत चुलीवरचं करपायचं, म्हणून मंडळ काढणाऱ्या म्हाताऱ्याने ही तोड काढली होती. मागच्याने म्हणायचं, "सर्वांचं भलं होवो." सगळ्यांनी "होवो" म्हणायचं, उठायचं, आपापली खुर्ची मिटायची आणि भिंतीला टेकवायची. दाराजवळची खुर्ची कैक वर्षं मावशीची होती, कारण मागाहून कुलूप तिलाच लावायचं असे.

आता चष्मेवाला. अर्ध्या गावाच्या नाकावर त्याची काच. नंबर काढून झाला की गिऱ्हाइकाला विचारणार, "आता सगळं स्वच्छ दिसतं? मग देव दिसतो का बघा." माणूस तोंडाळ, पण चष्मा बेतायचा असा की लोक ऐकून घेत. या पठ्ठ्याने प्रार्थनेनंतरच्या वेळेला हॉल घेतला, व्याख्यानासाठी. विषय, "देव नसला तर काय अडेल?" फलक लावला तो नेमका मंडळाच्या फलकाला खेटून.

गाव पेटलं. मंडळाचा म्होरक्या होता गिरणीवाला, ते मंडळ काढणाऱ्या म्हाताऱ्याचाच मुलगा, आणि हॉलच्या समितीचा अध्यक्षही तोच. वेळ आधी मागेल त्याला हॉल, असा समितीचा नियम. नाही म्हणता येईना. मग त्याने मावशीला गिरणीत बोलावलं.

"मावशी, त्या दिवशी आमची प्रार्थना जरा लांबेल."

"किती लांबेल, शेठ?"

"ते लोक कंटाळून घरी जाईपर्यंत. प्रार्थना चालू असताना दार उघडायचं नाही. आणि उघडलंत, तर त्या दोन खोल्यांना दुसरं माणूस बघावं लागेल."

मावशी तशीच उठली. घरी आली, सासऱ्यांना कुशीवर वळवलं, पाठ पुसली. या माणसाला उचलून न्यायचं तरी कुठे, याच विचारात तिला जेवण गेलं नाही.

आणि तो दिवस उजाडला. प्रार्थना सुरू झाली. नेहमीची वेळ सरली तरी गिरणीवाला थांबेना. एक पद झालं की दुसरं, दुसरं झालं की पुन्हा पहिलं. तेवढ्यात दारावर टकटक झाली. मावशीनेही डोळे मिटले होते; तिला खरोखरच देवाशी बोलायचं होतं. खोल्या राहू देत, एवढंच मागायचं होतं. पण शब्द जुळेनात. तिने डोळे उघडले तर काय, निम्मं मंडळ एका डोळ्याने दाराकडे बघतंय. कुणी जांभई गिळतंय, कुणी शेजाऱ्याला कोपरखळी मारतंय. देवाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याला दाराला लावायच्या अडसरासारखा वापरला होता, आणि मावशीला ते सोसवेना. खोल्यांचं काय व्हायचं ते होवो, असं मनाशी म्हणत ती उठली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली,

"सर्वांचं भलं होवो."

"होवो," सगळा हॉल एका तोंडाने म्हणाला.

आणि उठला. वर्षानुवर्षांची सवय ती. मेंदूला विचारायला थांबते थोडीच. खटाखट खुर्च्या मिटल्या, भिंतीला लागल्या. सर्वांत आधी गिरणीवाल्याच्या बायकोची. आपण काय करून बसलो हे लोकांच्या ध्यानात आलं तेव्हा सगळे भिंतीपाशी उभे होते आणि पुढे गिरणीवाला एकटाच बसलेला, डोळे मिटून, तान घेत. त्याने डोळे उघडले तो समोर चष्मेवाला टोपी काढून उभा. मावशीने दार सताड उघडलं होतं.

आधी कोण हसलं कोण जाणे. पण हसू फुटलं, आणि जायला निघालेल्यांतले कितीतरी मिटलेली खुर्ची पुन्हा उघडून बसले. आलोच आहोत तर ऐकू तरी, म्हणाले.

चष्मेवाल्याला तर आभाळ ठेंगणं झालं. सुरुवातीलाच म्हणाला, "मित्रहो, आज एका भाविक बाईने श्रद्धेला रामराम ठोकला."

"तात्या," मावशी मागून म्हणाली, "मी प्रार्थना संपवली, सोडली नाही. तुमचं चालू द्या. लांबलं तर तुमचंही संपवीन."

टाळ्या पडल्या त्या तिलाच. चष्मेवालाही हसला, कान पकडले आणि मुद्द्यावर आला.

पुढच्या आठवड्यात समितीची बैठक. विषय एकच, मावशीला काढणे. दरवेळी समितीतल्यांशिवाय चिटपाखरू फिरकायचं नाही. त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. चष्मेवाल्याची नास्तिक फौज आली होती आणि मंडळही आलं होतं. विशेष म्हणजे दोघं एकाच बाजूला उभे. गिरणीवाल्याने शिस्तभंगावर लांबलचक भाषण केलं. ते संपलं तशी त्याची बायको उठली.

"शेवटचं वचन मागच्याने म्हणायचं, ही रीत मामंजींची. तुम्ही ती मोडायला निघालात, मावशींनी पाळली. मग शिस्त मोडली कुणी?"

गिरणीवाल्याने विषय घाईघाईने मताला टाकला. मतं घेतली. मावशीला काढावं म्हणून वर झालेला हात त्याचा एकट्याचाच, आणि तोही बायकोने बघितल्यावर अर्ध्यातच खाली आला. मावशी राहिली, खोल्या राहिल्या. लोकांनी टेबलं बडवली. पलीकडच्या खोलीत सासऱ्यांनी खाटेवरून विचारलं म्हणे, छप्पर पडलं का.

गलका शमल्यावर गिरणीवाला मावशीपाशी आला. आवाजात ताठा नव्हता, खरंच कोडं पडलं होतं बिचाऱ्याला.

"मावशी, एक सांगा. उद्या देवाने विचारलं, माझ्या विरुद्ध बोलणाऱ्याला दार का उघडलंस, तर काय सांगाल?"

मावशी म्हणाली, "सांगेन की, बाबा रे, एका चष्मेवाल्याच्या बोलण्याने तू नाहीसा होशील असं शेठना वाटलं, मला नाही वाटलं."