गफूर मिस्त्री दिवा मोजायचा

मी एका मोटारसायकलचा क्लच उघडून बसलो होतो, तेवढ्यात चहावाला पळत आला. हातात गाळणी तशीच. म्हणाला, "अप्पा, चला. गफूरभाईला टिप्परनं उडवलं." चालता चालता सांगत होता, "गाडीची ट्रायल घ्यायला गेलते. टिप्परवाल्यानं हॉर्न दाबूनच धरला होता, तरी मिस्त्री तसेच आडवे वळले. आता काय म्हणावं..." मी पोचलो तोवर अंगावर चादर टाकली होती. ट्रायलला नेलेली ती नव्या तऱ्हेची हलकी गाडी नालीत पडलेली. तिथं उभा राहून मी चारचौघांत म्हणालो, "मी म्हणत व्हतो, असल्या गाड्यांच्या नादी लागू नको." लोकांनी माना हलवल्या, आणि मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते. पण मी चौथी शिकलेला माणूस, झाकून लिहायचं मला जमत न्हाई.

चाकूरला आम्ही वीस वर्षं एका दुकानात काम केलं. मग पोरंबाळं वाढली, तसं त्यानं रस्त्याच्या पलीकडं स्वतःचं दुकान टाकलं, माझ्या बरोबर समोर. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की आतलं कुठलं टॅपेट ढिलं हाय ते गफूर सांगायचा. तो कान मीच त्याला शिकवला, आणि तो माझ्यापेक्षा पुढं गेला. हे तो जिवंत असताना मी कधी कबूल केलं न्हाई.

मग त्या नव्या गाड्या आल्या. सिलिंडर एकच, आपल्या जुन्या गाडीसारखं, पण हेडमध्ये व्हॉल्व्ह चार, इंजिन पाण्यानं थंड होणार, कार्बोरेटर न्हाईच. पेट्रोल किती सोडायचं ते सीटखालची डबी ठरवते. गाडी वजनाला अशी हलकी की म्हातारा माणूसही मागनं उचलून सरकवील. आणि काही बिघडलं की मीटरवरचा पिवळा दिवा लुकलुकतो. लांब किती, आखूड किती, ते मोजायचं, की कुठलं सेन्सर गेलं ते कळतं. मी म्हणालो, ही मिस्त्रीगिरी न्हाई. गफूर मात्र मोबाईलवर बघून बघून सगळं शिकला.

एकदा तसली एक गाडी माझ्याकडं आली. चालता चालता झटके खायची. मी स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं, म्हणालो टॅपेट. हेड उघडलं, दोन दिवस घातले, झटके तसेच. मालकानं गाडी ढकलत समोर नेली. गफूरनं चावी फिरवली, दिव्याकडं बघत बोटांवर मोजलं, एक सेन्सर बदललं. अर्ध्या तासात गाडी पळाली.

मी रस्ता ओलांडून गेलो. गिऱ्हाईकं बसली होती. "का रे गफूर, खुदानं कान कशाला दिले? दिवे मोजायचं काम बहिऱ्याचं असतंय."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग हसला, आणि वळून पान्हा उचलला. ते हसणं मला घमेंड वाटलं. त्यानंतर तीन वर्षं मी त्याच्याशी बोललो न्हाई. सकाळी शटर उघडताना तो हात वर करायचा. मी पाठ फिरवायचो.

गफूर गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या फातेहाला गेलो. जेवणं झाल्यावर त्याच्या बायकोनं, भाभीनं, मला आत बोलावलं.

"तुम्हाला म्हणून सांगते, अप्पा. त्यांना ऐकू येत नव्हतं. पहिलं उजवा कान गेला, मग डावा. तुम्ही भांडलात त्याच्या आधीपास्नं."

मला पहिल्यांदा टिप्परचा हॉर्नच आठवला. मग तो दिवा. कान चालला होता, म्हणून गड्यानं डोळ्यानं करायचं काम शिकून घेतलं होतं. मी ते शौक समजलो.

"मग कानाला मशीन लावायचं की," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"आणलं होतं की. घरात लावायचे. नात बोबडं बोलायची ते ऐकत बसायचे. दुकानाला निघाले की काढून ठेवायचे."

"काढायचं कशाला?"

"समोर तुम्ही बसून राहता ना. तुम्हाला दिसलं असतं."

तिनं टोचून म्हटलं न्हाई. पाणी विचारावं तसं म्हटलं.

दाराजवळ कोनाडा हाय. त्यात औषधाच्या बाटलीशेजारी एक पांढरी डबी, झाकण उघडं, आत दोन बारकी मशिनं. टिप्परनं उडवलं त्या दिवशीही ती तिथंच होती. रोज सकाळी तो तिथं आपले कान काढून ठेवायचा, आणि माझ्यासमोर येऊन दुकान उघडायचा.