तांबेऱ्याच्या साली निवडलेली सात झाडं

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो तिसगावला मला शिकवणाऱ्या ख्रिस्ती बाईंचा. "शेतकीच शिकायची तर कालेज कशाला? औत हाकंल की," असं वडील म्हणाले, तेव्हा बाईंनी विचारलं, "तुमच्या औतानं गव्हाचा तांबेरा जातो का हो, दादा?" वडील हसले, आणि कॉलेजात जाणारा आमच्या घरातला पहिला मुलगा म्हणून मी पुण्याला गेलो.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास नगर जिल्ह्यातल्या एका सरकारी फार्मावर मला हंगामी नोकरी लागली. काम गव्हाच्या संकराचं. भरपूर पिकणाऱ्या जातीला तांबेरा न लागणाऱ्या झाडाची जोड द्यायची होती. त्या साली तांबेऱ्याचा रोग असा पडला, की वाफ्यातून चाललं तरी धोतर तांबडं व्हायचं. त्यातच दाणा भरत आलेली सात झाडं मला अगदी स्वच्छ सापडली. फार्माचे मोठे साहेब म्हणाले, "निवड तुमची, जबाबदारीही तुमची." ती वाया गेली असती तर हंगाम गेला असता आणि बहुधा नोकरीही. मी हरखून प्रत्येक झाडाला खुणेचा लाल दोरा बांधला आणि महिन्याचा अहवाल घेऊन नगरला गेलो.

दुसऱ्या दिवशी परतलो, तर सातही जागा मोकळ्या.

मुकादम म्हणाला, "दोरा हुता म्हून उपटली. हितं भेसळीलाच दोरा बांधत्यात."

खरंच होतं. बियाण्याच्या शेतात वेगळ्या जातीचं झाड दिसलं की त्याला दोरा बांधायचा, आणि मजूर बायकांनी ते उपटून बैलांपुढे टाकायचं, ही फार्मावरची जुनी रीत. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

गोठ्याकडे पळालो. गव्हाणी रिकाम्या होत्या. शेजारच्या वाफ्यात खुरपणाऱ्या बायकांतली एक म्हणाली, "सायेब, गव्हाचं लगीन लावनार हुता न्हवं? नवरी पळाली जनू!"

सगळ्या हसल्या. माझा चेहरा बघून त्यांच्यातली एक वयस्कर मावशी उठली. "गप गं. चला सायेब, दावते."

शेडच्या आढ्याला सात जुड्या उलट्या टांगलेल्या होत्या.

"दाना टच्च, पात हिरवीगार. ह्याला भेसळ कसं म्हनायचं? बैलाच्या तोंडी द्यायला हात धजंना."

मी एक जुडी खाली घेऊन ओंबी नखानं दाबून पाहिली. दाणा चिकातून घट्ट झाला होता. वाळूनही उगवणार होता.

आठवड्यानं ओंब्या वाळल्यावर मावशीनं त्यातली एक तळहातावर नुसती झटकली. दाणे भराभरा गळले. "ही घिऊ नका. कापनीच्या आधी रानातच सांडंल." मी आपला फक्त तांबेरा बघत बसलो होतो. साहेबांना सगळा प्रकार सांगितला. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी आधी बायकांना विचारा."

कार्तिकात पेरणी झाली. उगवण पाहून मी बाईंना पत्र लिहिलं:

"ती. बाईंना सा. न. वि. वि. सहा झाडांचं बी पेरलं होतं, सहाही ओळी उगवल्या. सातवं झाड इथल्या मावशींनी काढायला लावलं. निवडीच्या वहीत माझ्या सहीखाली त्यांचा अंगठा घेतला आहे. साहेबांनी हरकत घेतली नाही. कालच मला कायम केल्याचा हुकूम आला. हे वडिलांना आपणच सांगावं. माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना खरं वाटणार नाही."