प्रतिभाची बंद पेटी

हनुमंत कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. तिथं दर तासाला सॅम्पल काढून लॅबला द्यायचं आणि काही बिघडलं तर लगेच दुरुस्त करायचं. अशा माणसाला लेकीचं काम पटेना, यात त्याचा काय दोष? प्रतिभा तीन वर्षं पुण्यात बसून एकच गोष्ट शोधत होती आणि ती सापडली की नाही, हे तिनं अजून पाहिलंच नव्हतं.

जिनिव्हाजवळ जमिनीखालच्या बोगद्यात प्रोटॉन एकमेकांवर आदळतात. त्या धुमश्चक्रीत टाऊ नावाचे कण जन्मतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मरतात. मरताना मागं काय ठेवायचं, याचे निसर्गाचे नियम आहेत. एखादा टाऊ नियम मोडून म्यूऑन नावाचे तीन हलके कण ठेवून गेला, असं आजवर कुणी पाहिलेलं नाही. प्रतिभाला तसा एक तरी हवा होता. मिळाला तर जगभरची पुस्तकं नव्यानं लिहावी लागणार होती. नाही मिळाला, तर तिच्या सगळ्या खटाटोपाचं शून्य.

असा टाऊ जिथं दिसला असता, तेवढीच माहिती संगणकात झाकून ठेवलेली. आधी खरं-खोटं निवडायची चाळणी पक्की करायची, इतरांनी ती तपासायची, मगच झाकण काढायचं, अशी या लोकांची रीत.

"आमच्या पोरीवर इश्वास न्हाई व्हय त्यांचा?" हनुमंत एकदा चिडलाच.

"माझाच माझ्यावर न्हाई, आप्पा. आधी बघितलं, तर हवं ते दिसंस्तोवर मीच चाळणी हलवत बसंन."

झाकण काढायची परवानगी आली तेव्हा ती गावी आलेली होती. मीटिंग दुपारची, मोबाईलच्या नेटवर. ओट्यावर तिचे आजोबा हरिबा बसलेले. गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत ते मेंढरांमागं हिंडले होते. हनुमंतही पाळीवर जायचं सोडून दारातच घुटमळत राहिला.

प्रतिभानं बटण दाबलं. तसा टाऊ एकही नाही. पलीकडच्यांनी कामाचं कौतुक केलं, तिनंही हसून आभार मानले आणि लॅपटॉप मिटला. मग मात्र तिचे डोळे भरून आले. हनुमंतानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

हरिबांनी विचारलं, हे टाऊ कण सगळे मिळून होते तरी किती? ती म्हणाली, हजारो कोटी.

"आन् राखायला कोण व्हतं?"

"कुणीबी न्हाई, आबा."

दोन कुत्री आणि चार माणसं राखणीला असूनही हरिबांच्या कळपातलं कुठलं ना कुठलं मेंढरू रोज भरकटायचंच.

"हजारो कोटी," ते हळूच म्हणाले. "राखणारं कुणी न्हाई, आन् एकानंबी वाट सोडली न्हाई?"

"आमच्या नजरंत आलं तेवढ्यात तरी न्हाई," प्रतिभा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिच्या अंगावर काटा उभा राहिला.