दोन रेघांच्या बाटल्या

सेकोंदिना मावशी या टेकडीवरच्या माणसांपेक्षा पिंपांना जास्त ओळखतात. उंची माझ्या खांद्याएवढी, अंग शेवग्याच्या शेंगेसारखं. त्यामुळे विसाव्या वर्षापासून त्यांच्या वाट्याला एकच काम आलं. रिकाम्या पिंपाच्या बुडाशी हातभर उंचीचं दार असतं, त्यातून आधी पेटती मेणबत्ती आत धरायची. ती विझली नाही तर एक हात, मग डोकं, मग दुसरा हात असं करत आत शिरायचं आणि लाकडाला धरलेली वाइनची खर लोखंडी पात्याने खरवडायची. बाहेर नुसती खरखर ऐकू यायची, मधूनच एखादं गाणं.

मी तोरिनोहून लग्न होऊन आले १९७१ साली, कॉलेजची पदवी आणि स्वच्छतेची हौस घेऊन. पहिल्याच महिन्यात तळघरात उतरले, तर मागच्या भिंतीशी वाळूत आडव्या निजलेल्या चोवीस बाटल्या, वर बोटभर धूळ. एकेक बाटली बादलीत बुडवून मी लख्ख धुतली आणि पुन्हा नीट मांडली. धुळीबरोबर चुन्याच्या रेघाही गेल्या. एक रेघ म्हणजे आमचा मोठा मळा, दोन रेघा म्हणजे चर्चखालचा उतार. साल दोन्हींचं १९६४, द्राक्ष दोन्हींचं नेब्बिओलोच. माझे सासरे तेरेझियो रागावले नाहीत. तीन दिवस बोललेच नाहीत, एवढंच. कुठली बाटली कुठली हे ठाऊक नसताना बूच काढणं त्यांच्या तत्त्वात बसेना, म्हणून ती सगळी वाइन सव्वीस वर्षं तशीच पडून राहिली.

परवाच्या नोव्हेंबरात मावशी आमचं पातं परत करायला आल्या. सान मार्तिनोच्या दिवशी त्या लेकीकडे, समुद्रकाठच्या साव्होनाला, कायमच्या जाणार होत्या. आमच्याकडे घर बदलायचं ते याच दिवशी. पातं टेबलावर ठेवलं, कॉफी झाली, तरी त्या उठेनात. मग हळूहळू बोलल्या.

चर्चखालचा उतार एकेकाळी त्यांच्या वडिलांचा होता, हे मला माहीत होतं. त्या वेलींची वाइन मावशींनी आयुष्यात चाखली नाही, हे मात्र माहीत नव्हतं. द्राक्षं दरवर्षी गाडीत भरून आल्बाच्या व्यापाऱ्यांकडे जायची. घरात प्यायची ती चोथ्यावर पाणी ओतून केलेली पातळ वाइन. चौसष्टच्या वसंतात तो उतार आमच्या घरी आला. आपण काय घेतलंय ते बघावं, म्हणून सासऱ्यांनी त्या एका सालची द्राक्षं वेगळ्या पिंपात घातली. चार वर्षांनी वाइन बाटल्यांत उतरली, त्याच हिवाळ्यात मावशींचे वडील गेले. आणि ते रिकामं पिंप खरवडलं मावशींनीच.

"आत बसून मी ती खर चाटून पाहिली होती," त्या म्हणाल्या. "आंबट, बस. त्यावरून काय कळणार? वडिलांच्या द्राक्षांचं पुढे काय झालं तेवढं कळलं, की मी साव्होनाला जाऊन सुखाने मासे खाईन."

"हिने धुतल्या ना," सासरे माझ्याकडे न बघता म्हणाले. "आता देवालासुद्धा सांगता यायचं नाही."

"देव कधी पिंपात शिरलाय का, तेरेझियो?"

तळघरात मावशींनी मेणबत्ती लावली आणि एकेक बाटली ज्योतीपुढे धरून अगदी सावकाश तिरकी केली. मी शेजारी बसले. मोठ्या मळ्याची खर मिठाच्या खड्यांसारखी निघायची, त्यांनी सांगितलं, आणि वडिलांच्या उताराची कांद्याच्या पापुद्र्यासारखी. बाटलीतही तेच असणार. मग मलाही दिसायला लागलं: काहींत गाळ रवाळ घरंगळत होता, काहींत काचेला पातळ पडदा धरून होता. सव्वीस वर्षं मी या बाटल्यांशेजारी लोणच्यांच्या बरण्या ठेवत आले, पण आत डोकावून पाहायचं कधी सुचलं नव्हतं.

शेवटी रवाळ तेरा झाल्या आणि पडद्याच्या अकरा. सासरे जिन्याच्या पायरीवर बसले होते. ते उठून जवळ आले.

"दोन रेघांची एक मी फोडली होती," ते म्हणाले. "हिच्या लग्नाआधी. बारातली एक, म्हणजे अकराच उरल्या. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं."

मावशींनी मेणबत्ती फुंकली.

पडद्याच्या अकरांतली एक बाटली गाळ बसायला दिवसभर उभी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर उघडली. पेल्यात रंग फिका, कडेला विटकरी. वास ओल्या तळघराचा, दुसरा काहीच नाही. सासऱ्यांनी नाक घातलं आणि मान हलवली. गेली, म्हणाले.

"थांब," मावशी म्हणाल्या. "तुलाही सकाळी उठल्यावर तोंड उघडायला तास लागतो."

आम्ही थांबलो. मी हेझलनट फोडत बसले. तासाभराने खोलीत आधी सुकलेल्या गुलाबांचा वास आला, मग तापलेल्या डांबराचा, मग पावसात भिजलेल्या पानांचा, आणि एवढ्याशा पेल्यात हे सगळं कुठे दडलं होतं ते मला अजून उमगलेलं नाही. मावशींनी घोट घेतला. गाल आत ओढले गेले. तुरटपणा ओल्या अक्रोडाच्या सालीसारखा जीभ धरून बसत होता, तेहतीस वर्षांनीसुद्धा.

"सोडत नाही," त्या म्हणाल्या. "वडिलांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, बरोबर आहे." आणि पेला पुन्हा भरायला पुढे केला.

उरलेल्या दहांतल्या दोन सासरे कागदात गुंडाळायला लागले, तेव्हा मावशींनी अडवलं. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, उन्हाळ्यात भट्टी; तिथे या बाटल्या दोन वर्षंही टिकायच्या नाहीत. इथेच राहू देत, ईस्टरला येईन तेव्हा एक उघडू. त्याऐवजी त्यांनी चुना मागितला.

मी चुना कालवून आणला. त्यांनी ब्रश माझ्याच हातात दिला आणि शेजारी उभ्या राहून दहाही बाटल्यांवर दोन-दोन रेघा ओढून घेतल्या.

"जाड ओढ, सूनबाई," त्या म्हणाल्या. "आणि आता धूळ बसू दे."