बारशाचा व्हिडिओ कोणी अडवला?

मंडळी, आज मी आमच्या देवळालीच्या केबलवाल्याशी उगाच भांडलो.

ताईने लंडनहून बाळाच्या बारशाचा व्हिडिओ फाइल शेअरिंगवर टाकला होता. सकाळपासून तो रांगत येत होता. केबलवाला म्हणे, "लाइन ओके आहे, साहेब." मला पटेना. नेटचा स्पीड हाच दाबत असणार! मग वरच्या मजल्यावरच्या काकांवर संशय आला. कनेक्शन एकाच वायरवरचं ना!

शेवटी कॉम्प्युटरची राखण करणारी फायरवॉल उघडून पाहिली, तर फाइल शेअरिंगच्या सॉफ्टवेअरची बाहेरून आत येणारी वाटच ब्लॉक केलेली.

"आई, कॉम्प्युटरला हात लावलास?"

"अरे, इंग्रजीत कोणीतरी आत येऊ का विचारत होतं. ओळख ना पाळख, मी नाही म्हटलं."

"अगं, तुझा नातू होता तो!"

परवानगी दिली, व्हिडिओ धावत आला. तुमच्याकडे असा पहारा कोण देतं?

आई अजून स्क्रीनकडे रोखून बघतेय. "नक्की आपलाच आहे ना रे?"